बकुळचा बिनझाडाचा झोपाळा

डोंगराच्या कुशीत, केवड्याच्या बनापलीकडे केवडखोरे नावाचं एक चिमुकलं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, शेणानं सारवलेल्या एका खोपटात दहा वर्षांची बकुळ राहायची. तिचा धाकटा भाऊ नामू. त्याच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं, म्हणून तो सगळं जग बकुळच्या पाठीवर बसूनच बघायचा. वडील सुतार होते. ते वारले तेव्हा मागे राहिली फक्त त्यांच्या हत्यारांची पेटी. आई अंबाडीचे दोर वळायची आणि त्यावर तिघांचं कसंबसं भागायचं.

नागपंचमीला कुंपणापलीकडच्या वाड्यातल्या मालकीणबाईंच्या बागेत, चिंचेच्या फांदीला झोपाळा टांगला होता. लाल-पिवळे दोर, त्यांना इवलीइवली घुंगरं. बकुळ नामूला घेऊन रांगेत उभी राहिली. पाळी आली तसा मालकीणबाईंनी हात आडवा केला.

"याला नको बसवू. पडला तर आमच्या नावानं बोंब."

"मी धरते ना त्याला," बकुळ म्हणाली.

"ज्याला उभं राहता येत नाही, त्याला झोपाळा कशाला हवा? घेऊन जा."

नामूचे टपोरे डोळे भरून आले. बकुळचे नाही आले. ती म्हणाली, "बरं. आमच्या परसात आम्ही आमचाच बांधू."

"टांगशील कुठे? तुमच्या परसात एक झाड नाही."

"झाडावाचून बांधीन," बकुळ म्हणाली आणि ताठ मानेनं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रानात गेली. वादळात पडलेली ऐनाची लांबलांब लाकडं तिथे होती. पण ओढून ओढून हात सोलले, तरी एकही तसूभर हललं नाही. तेवढ्यात कुठूनसं बारीक हुंदके ऐकू आले. बाभळीच्या खोडावर, चिकट सोनेरी डिंकात एक परी अडकली होती. मोगऱ्याच्या कळीएवढी, आणि तिचे जांभळे पंख फुलपाखरापेक्षा तलम.

"हलू नकोस हं, फाटतील," बकुळ म्हणाली. पळसाच्या पानात तिनं ओढ्याचं पाणी आणलं. थेंब थेंब सोडत, फुंकर घालत तिनं एकेक पंख मोकळा केला. होता होता ऊन डोक्यावर आलं.

परी भुर्रकन उडाली, तसा निळ्या-गुलाबी चमचमाटाचा शिडकावा झाला. "हातातलं काम सोडून तू माझ्यासाठी थांबलीस," ती म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम ऐक. ऊन कलायच्या आत मागायचं. आणि मागशील ते फक्त तुझंच. दुसऱ्या कुणाचा हात लागला, की त्याची धूळ होईल."

"म्हणजे झोपाळा मागितला तर नामूला बसता येणार नाही?"

"नाही."

"मग नको. कुणाला तरी बसू न देणारा झोपाळा गावात एक आहेच. दुसरा कशाला?"

परी गोंधळली. "आजवर मला कुणी नको म्हटलं नव्हतं. फार जुना नियम आहे गं हा."

"जुना असेल. पण चुकीचा आहे."

परी रागावली नाही. तिचे पंख नुसते थरथरले. बकुळनं खूप विचार केला. मग म्हणाली, "माझ्या दंडांत बळ दे. त्याला तसाही दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. आणि सरळ-वाकडं ओळखणारी नजर दे."

"दिली. आणि तिसरी?"

"तिसरी तुला. तुला कधी कुणी इच्छा दिलीय का?"

"नाही," परी अगदी हळू म्हणाली.

"मग ठेव."

बकुळनं लाकडं घरी ओढत आणली. वडिलांच्या करवतीनं कापली, गिरमिटानं भोकं पाडली. दोन वासे वर एकमेकांना टेकवून एक कैची केली, तशीच दुसरी केली, आणि दोन्हींच्या डोक्यावर आडवा दांडा घातला. नामू दगडावर बसून जुने वाकडे खिळे ठोकून ठोकून सरळ करायचा. तिसऱ्या दिवशी सगळा सांगाडा कलंडून आडवा झाला. बळ होतं, नजर होती, पण सवय कुठे होती? बकुळ रडली नाही. तिनं हातभर खोल खड्डे खणले, कैच्यांचे पाय त्यात रोवले, दगडमाती ठासून भरली आणि मधे आधाराच्या पट्ट्या मारल्या. पाठ टेकायला जाळी असलेलं दोरांचं आसन आईनं विणलं.

आठव्या दिवशी नामू झोपाळ्यावर बसला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि त्याचं हसू ऐकून बागेतली सगळी पोरं कुंपणापलीकडून धावत आली. मागोमाग मालकीणबाई आल्या.

"पाडा ते. कुणाच्या तरी अंगावर येईल."

बकुळ हात पसरून झोपाळ्यासमोर उभी राहिली. "बाई, आधी तुम्ही बसून बघा. मोडला तर मीच कुऱ्हाड घालीन."

पोरांसमोर नाही म्हणणं बाईंना जड गेलं. बकुळनं नामूला उतरवून दगडावर बसवलं, आणि त्या बसल्या. लाकूड करकरलंसुद्धा नाही. बकुळनं हलकेच झोका दिला, आणि बाईंच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू उमटलं. उतरल्यावर त्या नामूजवळ जाऊन वाकल्या. मग म्हणाल्या, "बाळा, त्या दिवशी चुकलं माझं."

तेवढ्यात आडव्या दांड्यावर परी चमकली.

"तुझ्या बळानं घडलेल्या झोपाळ्याला इतक्या जणांचा हात लागला, बकुळ, आणि धूळ झाली नाही. आता मी माझी इच्छा मागते. तो जुना नियम आजपासून मोडला."

तिनं हात फिरवला, आणि दांडा लांबत गेला, नव्या कैच्या उभ्या राहिल्या. एक आसन, दोन, पाच, दहा. ताटकळत उभ्या प्रत्येक पोरासाठी एकेक, हिरवं, केशरी, मोरपंखी. नामूच्या दगडाजवळचं शेवटचं एक रिकामं राहिलं.

"ताई, तू बस," नामू म्हणाला. "मी ओढतो."

त्यानं तिच्या झोपाळ्याला दोर बांधला आणि खिळे ठोकून घट्ट झालेल्या हातांनी जोरात ओढला. बकुळ आयुष्यात पहिल्यांदाच झोपाळ्यावर बसली होती. तिचे पाय कुंपणाच्या वर गेले, मग केवड्याच्या शेंड्यांच्याही वर. तिथे नियमातून मोकळी झालेली परी तिच्या गालाला एकदा हलकेच टेकली, सोन्यासारखी उजळली आणि त्या उजेडातच विरघळून गेली.

"अजून उंच, नामू," बकुळ म्हणाली.