खाडीपलीकडचं पोतं

एका खाडीच्या काठी मासळी सुकवणाऱ्यांचं एक गाव होतं. गावात माणसं मोजकी आणि मांजरं उदंड. बोंबील वाळत घातले की माणसाआधी मांजरं हजर! दरवर्षी ती डोईजड झाली की गावकरी भल्या पहाटे त्यांना पोत्यांत भरत आणि होडीतून खाडीपलीकडे गुपचूप सोडून येत. आठवडाभर शांतता, मग ये रे माझ्या मागल्या. "वास काढत परत येतात मेली," असं म्हणून गाव कपाळाला हात लावी.

एका वर्षी गावच्या पाटलाचा संयम सुटला. "या खेपेला माशांच्या डोक्यांत विष घालायचं," त्यानं सांगून टाकलं.

गावात एक म्हातारी कोळीण होती. एकटी आणि तोंडाची फटकळ. मांजरांनी सगळ्यांत जास्त डल्ला तिच्याच बोंबलांवर मारला होता, तरी तीच उठून उभी राहिली.

"पाटील, माझ्या चुलीमागं एक मांजरी व्यालीय. तिला कोणी विष घातलेलं मला चालायचं नाही. एक वर्ष द्या मला. शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई मांजरांना भूल देऊन शस्त्रक्रिया करतात, मग पिल्लं होत नाहीत. आहेत तेवढी राहतील, वाढणार नाहीत."

"आणि वाढली तर?"

"तर खळ्यावरची माझी जागा सोडीन."

खळ्यावर मासळी सुकवायची ती जागा म्हणजे म्हातारीचं पोट होतं. पाटलानं वर्षाची मुदत दिली.

दुसऱ्याच दिवशी म्हातारीनं कोंबड्या झाकायचं डालगं काठीच्या टेक्यावर उभं केलं, खाली बांगड्याचं डोकं ठेवलं आणि दोरी धरून बसली. बाया हसल्या, "निघाली मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला!" हात ओरखड्यांनी भरले, पण ती हटली नाही. एकेक मांजर धरून शहरात न्यायची, बरं झालं की धरलं तिथंच आणून सोडायची. चुलीमागच्या मांजरीला मात्र पिल्लांनी दूध सोडेपर्यंत तिनं हात लावला नाही. ओळख राहावी म्हणून डॉक्टरीणबाई भुलीतच डाव्या कानाचं टोक कापत.

सगळ्या मांजरांची शस्त्रक्रिया झाली. पण बोंबील पळतच होते आणि पाटलाला काही धीर धरवेना. एका पहाटे त्यानं निम्मी मांजरं पोत्यांत कोंबली आणि जुन्या रिवाजानं पलीकडे टाकून आला. त्यांत चुलीमागची मांजरीही गेली. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

आठ दिवसांत खळं पुन्हा मांजरांनी भरलं.

"बघा आजी, आली सगळी परत! पोटुशीसुद्धा आहेत. सोडा आता जागा," पाटील म्हणाला.

म्हातारी वाकून एकेक मांजर बघू लागली. बघते तर काय, नव्यानं आलेल्या सगळ्यांचे कान धड!

"ही आपली नव्हेत, पाटील. बसा होडीत."

पलीकडच्या गावात कानकापी मांजरं बोंबलांखाली ऐसपैस बसली होती. शेजारी एक बाई पोत्याचं तोंड बांधत होती.

"काय चाललंय गं बाय?" म्हातारीनं विचारलं.

"दरवर्षीचंच! जास्त झाली की खाडीपलीकडं सोडतो. कुणाला सांगू नका हां."

पाटलाचं तोंड एवढंसं झालं. म्हातारी पोट धरधरून हसली.

"मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं तर दोन गावं पीत होती!" मग तिनं पदर खोचला. "हसून झालं. आता दोन्हीकडची डालगी काढा. पाटील, पहिली दोरी तुम्ही धरायची."

पाटलानं धरली. पुढं त्याचेही हात ओरखडले.

वर्ष भरलं तेव्हा दोन्ही गावांत एकाही घरामागं नवं पिल्लू ओरडत नव्हतं. एखादा बोंबील अजूनही पळायचा, म्हातारी शिव्याही घालायची. पण खळ्यावरची तिची जागा तिचीच राहिली.

"आजी, आता हे पोतं टाकून देऊ?" पाटलानं विचारलं.

"आणा इकडं." म्हातारीनं ते झटकलं, घडी करून चुलीमागं अंथरलं. पलीकडून परत आणलेली कानकापी मांजरी आली, त्यावर अंग मुडपून बसली आणि झोपी गेली.

तात्पर्य: आपली अडचण दुसऱ्याच्या दारात टाकली तर ती फिरून आपल्याच दारी येते. ती मुळापासून सोडवावी, आणि कुणाचा जीव न घेता सोडवावी.