ओरखडा नसलेला खांब

कोंडखिंडीच्या देवळासमोर सागाचा एक खांब उभा आहे. दर चैत्री पौर्णिमेला सकाळी गावातल्या कुमारिका त्याच्यावर काठ्या चालवतात. पिढ्यान्‌पिढ्या चालवत आल्या आहेत, पण खांबावर एक ओरखडा नाही. काठी वाऱ्यासारखी येते आणि वीतभर अलीकडे थांबते. पाहुणे टाळ्या वाजवतात. मग देवळाचे गुरव धोंडूतात्या पायरीवर बसून गोष्ट सांगतात. आम्ही मुली ती निमूट ऐकतो. तात्या जे गाळतात, ते घरातल्या बायका चुलीपाशी सांगतात.

फार पूर्वी या खिंडीत लुटारूंचा वावर होता, असे सांगतात. झरा खिंडीखाली, आणि पाणी आणायचे बायकांनी. दोन मुली गेल्या त्या परतल्याच नाहीत. तेव्हा येसाक्का नावाच्या विधवेने सात मुलींना काठी शिकवायला घेतली. तिचा नवरा गडावरचा पहारेकरी. त्याच्याकडून ती शिकली होती. सातजणींत तिची एकुलती एक लेक सकूही होती.

येसाक्काचे म्हणणे सरळ होते: काठी लागली पाहिजे. अंगाला घोंगडी गुंडाळून मुली एकमेकींना खरोखर मारत. वळ उठत. एकीला बघायला पाहुणे आले आणि मनगटावरचा काळानिळा डाग पाहून गूळपाणी न घेताच उठले. झाले! जाणती मंडळी देवळात जमली.

“येसू, पोरी नांदायला पाठवायच्यात, लढाईला नव्हं,” पाटील म्हणाले म्हणे.

“झऱ्यावर धाडताय की रोज. तिथं काय नांदायलाच जात्यात?”

“जीभ लई चालती तुझी.”

“काठी चालू द्या, जीभ गप बसंल.”

पण ठरायचे ते ठरले होते. मुलींनी भंडारा उचलून शपथ घ्यायची: काठी अंगापासून वीतभर अलीकडे थांबेल. नाहीतर शिकवणे बंद.

“हाताला शपथ कळत न्हाय, पाटील. त्याला सवय कळती,” येसाक्का म्हणाली. तरी ती कबूल झाली. अजिबात न शिकण्यापेक्षा एवढे तरी बरे, असे तिला वाटले. आपल्याकडे बायका नेहमी इथेच फसतात.

तीन वर्षे गेली. घोंगड्या सुटल्या, वळ गेले, काठ्या देखण्या फिरू लागल्या. पाटील पाहुण्यांना मुद्दाम बघायला आणत.

एका दुपारी झऱ्यावर चौघे लुटारू आले. बाकीच्या मुलींना मागे घालून सकू वाटेत उभी राहिली. तिची काठी पुढच्याच्या कानशिलाकडे सुटली. पाय अचूक, हात अचूक. आणि कानशिलापासून वीतभर अंतरावर ती थांबली. सकूने पुन्हा फिरवली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तो माणूस हसला, म्हणे, आणि त्याने तलवार काढली.

सकू तिथेच गेली. पाचजणींना त्यांनी नेले. करवंदीच्या जाळीत लपलेली एकटी परत आली आणि तिने हे सांगितले.

पाटील म्हणाले, “देवीनंच हात धरला. कुमारिकेच्या हातून हत्या होऊ दिली न्हाय.” हे ऐकून गावाला हायसे वाटले. येसाक्काने एवढेच मागितले, की गावातल्या उरलेल्या पोरींना तरी ही शपथ घालू नका. देवीची शपथ सुटत नसते, असे तिला सांगण्यात आले. सकूची काठी घेऊन ती खिंड उतरून गेली. गावाने सकूच्या नावाने हा खांब उभा केला.

इथे तात्यांचे डोळे भरून येतात. पाहुणे फुले वाहतात.

आजही आम्ही मुली तीच शपथ घेतो; ती कुणी मोडलेली नाही. यंदा तालुक्याहून मुजावर मॅडम शाळेच्या अंगणात गावच्या लहानमोठ्या मुलींना कराटे शिकवायला आल्या. “हा पण नाचच ना? मग शिकवा,” म्हणून तात्यांनी परवानगी दिली. मॅडमनी छातीशी जाड पॅड धरले आणि म्हणाल्या, “जोरात मारा. मला काही होणार नाही.” अकरा मुली एकामागून एक ओरडत पुढे गेल्या. अकरा मुठी पॅडच्या अलीकडे थांबल्या.

बारावी मी. कॉलेज केलेली, यातले काहीही न मानणारी. दातओठ खाऊन ठोसा मारला. माझी मूठ वीतभर अंतरावर थांबली.

“अगं, मार ना!” म्हणत मॅडम एक पाऊल पुढे आल्या.

मी एक पाऊल मागे सरकले.