ओझ्याखालचा पूल

"मग माझं अजून काय शिकायचं राहिलंय, ते तरी सांगा मॅडम."

निरंजन बागूलने पुन्हा विचारलं. धारपबाई समोरच्या पुलाकडे पाहत राहिल्या.

निरंजन एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होता. पुलांची रचना करण्यात हयात घालवलेल्या धारपबाईंकडे तो इंटर्नशिपला आला होता. सोमवारी त्याची एका मोठ्या कंपनीत मुलाखत होती. आपण तयार झालो, एवढं बाईंच्या तोंडून ऐकायची त्याला घाई झाली होती. आणि का नसावी? ओढ्यावरच्या या पुलाचा सगळा हिशेब त्याने मांडला होता, आणि बाईंनी तपासून त्यातला एकही आकडा बदलला नव्हता.

आज पुलाची भारचाचणी होती. खडीने भरलेले डंपर वर उभे करायचे आणि पूल किती वाकतो ते पाहायचं.

पदर खोचून बाई ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरल्या आणि पुलाच्या बरोबर मधोमध, खाली एका दगडावर जाऊन बसल्या.

निरंजन दचकला. मुकादम म्हणाला, बाईंचं हे नेहमीचंच आहे.

पहिला डंपर घरघरत वर चढला.

"मॅडम, बाहेर या."

"का? हिशेब तुझाच आहे ना?"

"हो…"

"चुकलाय?"

"नाही…"

"मग?"

निरंजनला सगळे आकडे तोंडपाठ होते, पण पाय उचलत नव्हते. पुलाच्या सावलीच्या कडेशी तो बराच वेळ उभा राहिला…

मग आत गेला. बाईंनी सरकून त्याला जागा करून दिली.

डोक्यावर एकामागून एक डंपर येऊन थांबले. बारीक धूळ खांद्यावर पडली. पुलाच्या पोटाशी लावलेल्या मापकाचा काटा हलला, सावकाश सरकत गेला आणि थांबला. निरंजनच्या हिशेबात होता, अगदी त्याच आकड्यावर.

तो वर पाहतच राहिला. डोंगरातून फोडून आणलेला एवढा दगड, आणि तो पेलताना पूल जरासा लवला होता, डोक्यावर हंडा घेताना बाईमाणूस मान सावरतं तसा. हे आपण लिहिलं होतं? की हे आधीपासून असंच होतं, आणि आपल्याला फक्त दिसलं? त्याचे हात कधी जोडले गेले, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मॅडम… तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते."

"अजूनही?"

बाईंची नजर मापकाच्या काट्यावर होती.

वर उभ्या डंपरांची इंजिनं बंद झाली. निरंजनने डोळे पुसले आणि तो उठला.

"टिकला, मॅडम. झालं ना आता?"

बाईंनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"बस. ओझं उतरल्यावर तो परत वर येतो का, ते पाहायचं राहिलंय."