पोशाच्या करगोट्याचं मीठ

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा नांदखारचं मीठ ट्रकनं नाही, मचव्यानं मुंबईला जायचं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात वीज नव्हती, आणि आमच्या गावच्या माणसाला 'कुठला रे तू?' असं कुणी विचारलं की तो नुसता तळपाय दाखवायचा. मिठानं चिरलेले तळपाय बघितले की विचारणारा गप्प बसायचा. तर अशा त्या गावात पोशा नाथा पाटील नावाचा एक बॉक्सर होऊन गेला. हसू नका. मिठागरातला बॉक्सर. पैलवान नाही, बॉक्सर. हातात चामड्याचे मोजे घालून दोरांच्या चौकोनात मारामारी करणारा, आणि त्यावरच पोट भरणारा.

पोशा अंगानं किडकिडीत होता. पण त्याचे पाय वेगळे होते. मिठागरात पाणी सोडण्याआधी चिखलाची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. पोशा ते काम कळत्या वयापासून करायचा. मीठ धरायला लागलं की पाण्यावर पापुद्र्यासारखी पातळ साय येते, त्या सायीवरून तो चालत जायचा आणि साय मोडायची नाही, असं म्हणतात. मी म्हणत नाही, म्हणतात. माझ्या पायाखाली तर बांधसुद्धा खचतो.

एकदा मीठ घेऊन तो मुंबईच्या बंदरावर गेला. तिथं एका जहाजाचा दारू प्यालेला खलाशी हमालांना ढकलत होता. त्यानं पोशालाही ढकललं. पोशा हलला, पण पडला नाही. खलाशानं सात वेळा बुक्की मारली, सातही वेळा ती हवेत गेली, आणि आठव्या वेळी पोशानं एकच दिली. खलाशी मिठाच्या ढिगात जाऊन बसला. हे बघत होते इनास मास्तर. मास्तर मूळचे गोव्याचे, तरुणपणी स्वतः बॉक्सर होते आणि आता माझगावात पोरांना शिकवायचे. त्यांनी पोशाला तिथंच विचारलं, शिकणार का म्हणून.

पोशा म्हणाला, आयला विचारून सांगतो.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट खरी तिचीच आहे. चांगुणाआय तिचं नाव. नवरा खाडीत बुडाला होता. थोरला मुलगा जहाजावर कामाला गेला तो परत आला नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर निरोप नाही. राहिला हा एक पोशा. आणि हा म्हणतो, मी मुंबईला मारामारी करायला जातो. तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या आगरातलं लिंबाएवढं मीठ फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी पोशाच्या कमरेच्या करगोट्याला गाठ मारून अडकवली.

"ह्ये मीठ तुज्या आंगावर हाय, तवर तू घरातच हाईस असं मी समजंन," ती म्हणाली. "ज्या दिवशी सोडशील, त्या दिवशी मी मेले समज."

पोशानं मिठावर हात ठेवून आण घेतली. मिठागरातल्या माणसानं मिठाची आण घेतली की संपलं, तिच्या वर काही नाही.

पुढं बारा वर्षं तो लढला. लाइटवेट म्हणजे हलक्या वजनाचा बॉक्सर. या गटात अंगाचं वजन एकशे पस्तीस पौंडांच्या वर गेलेलं चालत नाही. तेवढं पोशाचं कधी भरायचंच नाही, त्यामुळं त्या पुरचुंडीकडं कुणी बघितलं नाही. सर्कशीच्या तंबूत लढला, गोदीत लढला, पुण्याच्या छावणीत लढला. लढून झाल्यावर मोजे उपडे केले की त्यातून घामाऐवजी मीठ पडायचं, असं म्हणतात. कलकत्त्याच्या एका बॉक्सरनं तर सांगितलं होतं की पूर्ण लढतीत मला हा माणूस एकदाच दिसला, आणि तेव्हा मी खाली पडलो होतो. हे सगळं करूनही दर वर्षी हंगाम सुरू झाला की पोशा मोजे खुंटीला अडकवून आगरात हजर. मास्तर डोकं आपटून घ्यायचे, पण हा ऐकत नसे.

मग ती मोठी लढत ठरली. रंगूनचा बार्लो नावाचा बॉक्सर होता, साऱ्या देशाचा लाइटवेटचा पट्टा त्याच्याकडं होता. तो पोशाशी लढायला तयार झाला. मास्तरांनी माघातली तारीख धरली. पोशा म्हणाला, माघात मीठ कोण काढणार? फाल्गुन? तेव्हा तर ऐन भर. असं करत करत त्यानं लढत ढकलली ती थेट वैशाखाच्या शेवटाला, जेव्हा हंगाम आटपतो आणि शेवटचे मचवे मुंबईला जातात. ही चूक फक्त मिठागरवालाच करू शकतो. कारण गंमत बघा, त्या दिवसांत दमट वारा सुटतो आणि मीठ पाणी धरतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही त्या दिवसांत मीठ तोलत नाही. आणि पोशानं नेमके तेच दिवस निवडले, स्वतःला काट्यावर तोलून घ्यायला.

तोवर तो तेहेतीस वर्षांचा झाला होता. अंग भरलं होतं. आठ दिवस त्यानं भात सोडला, दोन दिवस पाणी सोडलं. लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहिला, तर वजन अडीच तोळे जास्त. सगळ्यांच्या नजरा करगोट्याकडं गेल्या. पुरचुंडी ओली होऊन टचटचीत फुगली होती. बार्लोच्या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं, की जे अंगावर घालून लढणार ते तोललं जाणार. पंचांनी तासाभराची सवड दिली. तासाभरात वजन उतरलं नाही तर पट्ट्याची लढत रद्द, आणि बार्लो दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं जाणार होता. पोशाच्या वयाला पुन्हा अशी लढत मिळणार नव्हती.

मास्तर म्हणाले, काढ ती गाठ. आत्ता काढ, तोलून झालं की परत बांध. आई काय बघायला येतेय?

पोशा म्हणाला, "काढली तर ती मरते, मास्तर."

मास्तर हात जोडायचे बाकी राहिले. पोशा तासातला अर्धा वेळ घोंगडी पांघरून धावला, पण अंगात घामच उरला नव्हता. तेव्हा त्याला सुचलं. त्याचे केस खांद्यावर रुळायचे आणि मिशी तर अशी, की तिच्या टोकाला लिंबू ठरलं असतं. त्यानं रस्त्यावरचा न्हावी बोलावला. न्हाव्यानं केस बारीक केले. तरी काटा अर्धा तोळा वरच. पोशा म्हणाला, सगळं काढ, मिशीसकट. न्हाव्यानं विचारलं, आईबाप? पोशा म्हणाला, बाप नाही, आई आहे. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.

"आय जिती असताना मी मिशीला हात लावनार नाय," न्हावी म्हणाला. "पाप तुमचं तुम्ही करा."

आता ऐका. आई-बाप गेल्यावरच मुलगा मिशी देतो आणि डोकं बोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोशाला काय कळत नव्हतं? पण मीठ सोडलं तर आण मोडते, आणि बोडलं तर तिच्या जिवंतपणी तिचं सुतक धरल्यासारखं होतं. दोन्हीकडून आईच. त्यानं वस्तरा उचलला आणि आरशाशिवाय स्वतःच मिशी काढली, डोकं बोडलं. रडत रडत काढली, हे मास्तरांनी मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मग तो काट्यावर चढला. काटा तरी थरथरत होता. पोशानं छातीतला श्वास सोडला आणि काटा बरोबर रेघेवर येऊन थांबला, असं म्हणतात.

संध्याकाळी लढत झाली. तिचं मी फार सांगत बसणार नाही, कारण जो तो वेगळी सांगतो. पंधरा फेऱ्यांची होती, अकराव्या फेरीत संपली. उपाशी माणूस इतका कसा नाचतो ते बार्लोला कळलं नाही. तो खाली बसला तो दहा आकडे होईपर्यंत उठलाच नाही. एवढं मात्र सगळे सारखंच सांगतात.

पोशाच्या आधी एक मचवा नांदखारला पोहोचला आणि बातमी सांगून बसला. बातमीत मिशीचा उल्लेख नव्हता. सगळं गाव बंदरावर लोटलं. खालूबाजा आला, सनई आली, बायका ओवाळायला तबकं घेऊन आल्या आणि चांगुणाआय सगळ्यांच्या पुढं उभी राहिली. मचवा जवळ आला. वर पोशा उभा, खांद्यावर पट्टा, आणि डोकं तुळतुळीत.

बाजा थांबला. सनईवाल्याचा सूर मध्येच तुटला. बायकांनी तबकं खाली घेतली आणि सगळे चांगुणाआयकडं बघायला लागले. ती बिचारी धडधाकट उभी होती आणि तिच्याच मुलानं तिचं सुतक धरलं होतं.

पोशा उतरला आणि चिखलातच तिच्या पायांवर पडला. तिनं पट्ट्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी त्याचा करगोटा चाचपला. पुरचुंडी जागेवर होती. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याच्यासाठी क्येलंस?"

"वजन बसत नव्हतं, आय. सोडली असती तर तू मेली असतीस."

"आन् बोडलंस तर मी जगले का रं, येड्या?"

आणि म्हातारी हसली. म्हणाली, "बरं झालं. यम आला तर तुज्या टकल्याकडं बघंल आन् म्हनंल, ह्या घरी आपुन येऊन गेलो." आणि बाजेवाल्यांकडं वळून म्हणाली, "वाजवा रं, मी काय मेले नाय."

त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली. घरोघर माणसं गेली. पोशा आपल्या उंबऱ्यावर बसून असायचा, केस अजून उगवायचे होते. यम त्या दारापर्यंत आला, पोशाचं डोकं बघितलं, आणि इथलं काम झालेलं दिसतंय असं म्हणून पुढं गेला, असं म्हणतात. चांगुणाआय एकशे एक वर्षं जगली.

ती गेली तेव्हा पोशा ऐंशीला टेकला होता. न्हावी आला. पोशा त्याला म्हणाला, मागच्या वेळी मी माझ्या हातानं काढली होती, आता हात उचलत नाही, तूच काढ. काढून झाल्यावर त्यानं करगोट्याची पुरचुंडी आपल्या हातानं सोडली आणि आईच्या उशाशी ठेवली.

आजही वैशाखात हंगाम संपतो तेव्हा नांदखारात एक दिवस ठरलेला असतो. ज्याची आई जिवंत आहे तो त्या दिवशी बांधावर बसून मिशी काढतो. म्हातारेसुद्धा बसतात, लाजत नाहीत. आया समोर बसून हसतात आणि घरी गोडाचा स्वयंपाक करतात. बाहेरगावचा पाहुणा त्या दिवशी आला तर गावभर पसरलेली ती गुळगुळीत तोंडं बघून दबक्या आवाजात विचारतो, एवढी कोण कोण गेली हो? आणि मग सगळं गाव त्याला हसतं.

मीही हसतो. पण बांधावर बसत नाही, कडेला उभा राहून वस्तरे धुवून देतो. माझी मिशी चांगली वाढलीय, बघताय ना? सहा वर्षं झाली आता.