सगुणाकाकूंचा होकार

नदीकाठच्या एका गावात सगुणाकाकू नावाची एक सवाष्ण राहत होती. मन अगदी लोण्यासारखं. त्या चातुर्मासात काकूंनी देवापुढे नेम धरला, "कुणालाही नाही म्हणायचं नाही."

श्रावण आला. शुक्रवारी घरोघरी जिवतीची पूजा, पुरणाचा स्वयंपाक आणि जेवायला सवाष्ण. पाटलीणबाईंनी काकूंना बोलावलं. काकू म्हणाल्या, "हो." त्याच दिवसासाठी कासारीण आली. तिलाही "हो." गावाच्या टोकाची चंपा आली, तर तिलाही म्हणाल्या, "हो गं, येते की."

चंपाचं तान्हं लेकरू नुकतंच तापातून उठलं होतं. तिने जिवतीला बोलून ठेवलं होतं, बाळ बरं झालं की शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सवाष्ण जेवू घालीन. सवाष्ण जेवेपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही, अशी रीत. चंपा अंगावर पाजणारी, तरी सकाळपासून उपाशी राहिली.

इकडे काकू पाटलांकडे जेवल्या. मग कासारणीने आग्रह करकरून पोळीवर तूप ओतलं. घरी येऊन त्या जरा टेकल्या, तो डोळाच लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. "अगंबाई, चंपा वाट बघत असेल," म्हणत काकू अनवाणीच धावत सुटल्या.

चंपाच्या दारातली रांगोळी पुसट झाली होती. पाट मांडलेला, पोळ्या झाकलेल्या. आईचं दूध पुरेना म्हणून बाळ किरकिरत होतं. सासू उंबऱ्यातच बसली होती. ती म्हणाली, "या काकू. आम्हाला वाटलं, पुढच्या श्रावणात येताय."

चंपा मात्र रागावली नाही. "शेजारची गोदा सकाळी म्हणाली होती, सवाष्ण हवी असेल तर मी आहे. मीच तिला नको म्हटलं. तुम्ही हो म्हणाला होतात ना."

काकूंनी मांडलेल्या पाटाकडे पाहिलं. जेवायला बसावं, तर घास उतरणार नाही. नुसतं पानाला बोट लावून उठावं, तर ती देवीची फसवणूक. बाहेर सूर्य डोंगराकडे निघालेला. काकूंनी जिवतीला हात जोडले आणि त्या चातुर्मासात पहिल्यांदाच म्हणाल्या, "नाही चंपा, मला आता जेवण जायचं नाही. तू पान वाढ. मी गोदेला घेऊन आलेच."

गोदा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला कुणीच बोलावलं नव्हतं, सगळं गाव काकूंनाच बोलवायचं. काकूंनी तिला पिठाच्या हातांनीच ओढत आणलं. स्वतः तिचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. सूर्याचं बिंब डोंगराला टेकलं आणि गोदेने पहिला घास घेतला.

चंपाचे डोळे भरून आले. सासू म्हणाली, "सावकाश जेव हो गोदे. पण फार सावकाश नको, आम्ही सगळे उपाशी आहोत." घरभर हसू पसरलं.

पुढच्या शुक्रवारसाठी पाटलीणबाई पुन्हा आल्या. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "नाही हो, या खेपेला चंपाला शब्द दिलाय. गोदेला सांगा ना, ती आनंदाने येईल." पाटलीणबाईंचं तोंड जरा उतरलं. पण शुक्रवारी गोदा वेळेवर आली आणि त्यांच्याकडची पंगत भर दुपारीच उठली.

तात्पर्य: वेळेवर, गोड शब्दांत दिलेला नकार पाप नव्हे, पाळता न येणारा होकार मात्र दुसऱ्याला उपाशी ठेवतो.