मागच्या सीटवरची फेरी

“मग मला या नवशिक्यांच्या रांगेत कशाला उभं केलंत?”

शार्दूल फाळकेनं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. याकूब उस्ताद जमिनीवर चुन्याची रेघ आखत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मिरजेबाहेर बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या पटांगणात उस्ताद मोटारसायकल शिकवत. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये त्यांनी बावीस वर्षं गाडी फिरवली होती. त्यांच्याकडे तीन रांगा असत : कोरे, सरावलेले आणि घाटातले. शार्दूल घाटातल्या शर्यती जिंकलेला गडी. त्याच्या क्लबमधले तीस जण रविवारी आंबोलीला निघणार होते, आणि सगळ्यांच्या पुढे कुणी राहायचं ते उस्तादांनी सांगितल्यावरच ठरणार होतं. सकाळच्या चाचणीत त्यानं एकही शंकू न पाडता सगळ्यांत कमी वेळ घेतला. तरी उस्तादांनी त्याला कोऱ्यांत घातलं.

“अकरा वर्षांत मी एकदाही पडलो नाही,” तो म्हणाला.

“तुझ्या मागे कोण बसतं?”

शार्दूलनं हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं. बायको दोनदा बसली होती. तिसऱ्यांदा तिनं सरळ एसटी पकडली होती...

उस्तादांनी वत्सलाताईंना हाक मारली. ताई अंगणवाडी सेविका, पन्नाशीच्या. डोंगरातल्या वाड्यांवर जावं लागतं म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा गाडीला हात लावला होता.

“यांच्या मागे बस. एक फेरी,” त्यांनी शार्दूलला सांगितलं.

शार्दूलनं साफ नकार दिला. उस्ताद रेघ आखत राहिले. चुना संपला, तशी त्यांनी दुसरी पिशवी फोडली. शेवटी चिडून त्यानं हेल्मेट चढवलं आणि तो बसला.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा हिसका देऊन निघाली. वळणावर ताई जरा झुकल्या, तशी शार्दूलनं त्यांच्या खांद्यावरून हात घालून हँडल ओढलं.

दोघंही मुरमात.

त्याचं कोपर सोललं. तो तावातावानं सांगू लागला, की या बाईंना ब्रेकसुद्धा कळत नाही, असल्यांच्या मागे बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. वत्सलाताईंनी कुडत्यावरची माती झटकली. मदतीला धावलेल्यांना हातानंच थांबवून गाडी स्वतः उचलली आणि स्टार्टर दाबला.

“बसा, दादा. फेरी राहिलीय,” त्या म्हणाल्या. “हँडल माझं आहे.”

सगळे बघत होते. शार्दूल बसला, या खेपेला हात मांड्यांवर दाबून. वळणावर गाडी डुगडुगली... त्यानं दात आवळले, पण हात हलवले नाहीत. ताई झुकल्या, तसा तोही झुकला. फेरी पुरी झाली.

तो उतरला. आवाजातला ताठा मात्र तसाच होता.

“झालं तुमच्या मनासारखं? आता तरी मला गाडी चालवू देणार की नाही?”

उस्तादांनी हातांवरचा चुना झटकला.

“आत्ता चालवलीस की.”