पेटीच्या आतली घोटाई

घोटाई म्हणजे लाकूड पुन्हा पुन्हा घासून आरशासारखे चकचकीत करणे. घासणे उरकता येते. घोटणे उरकता येत नाही. एवढा भेद ध्यानी धरून पुढची कथा ऐकावी.

एका गावात एक सुतार राहत असे. पेटीची आतली बाजूही बाहेरच्याइतकीच घोटायची, हा त्याच्या घराण्याचा दंडक होता. "झाकण उघडणाऱ्याला आत सुताराची लाज दिसता कामा नये," असे त्याचे वडील सांगत.

सुताराची एकुलती लेक नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती. जाताना तिला आईचा फोटो हवा होता. सुतारीण तालुक्याच्या छायाचित्रकाराकडे जाऊन आली. पण तिपाईवरच्या कॅमेऱ्यासमोर ती अशी ताठ बसली, जणू कोणी तिला दटावलेच आहे. चित्र पाहून लेक म्हणाली, "बाबा, ही आई नाही. ही फोटोला बसलेली कोणी बाई आहे."

तेव्हा सुताराने ठरवले, की कॅमेरा आपणच घडवायचा आणि तो हाती धरून तिच्यामागे हिंडायचे. त्याने जुन्या बाजारातून मोडक्या कॅमेऱ्याचे भिंग आणले. उजेडाची उघडझाप करणारी झडप त्यातच होती. सागवानाच्या दोन पेट्या एकीत एक सरकतील अशा बसवल्या, म्हणजे भिंग पुढेमागे करून चित्र रेखीव करता यावे. खाली आपल्या जुन्या रंध्याची मूठ जोडली. ती त्याच्या तळव्याला तीस वर्षे ओळखत होती. जवळजवळ तीन बोटे रुंद अशा फिल्मचे दोन रोल त्याला मिळाले. एकेका रोलवर चित्रे आठच, पण मोठी.

मग तो आठ दिवस पेटी आतून घोटत बसला.

"अहो, आत कोण बघणार आहे?" सुतारणीने विचारले.

"उजेड बघेल," सुतार ऐटीत म्हणाला.

पहिला रोल काढून, धुऊन आला, तर आठही चित्रांवर दूध सांडल्यासारखे. सुतारीण त्यात धुक्यातल्या झाडासारखी दिसत होती. छायाचित्रकाराने पेटी उलटसुलट करून न्याहाळली आणि तो हसला. "मिस्त्री, फट नखाएवढीही नाही. उजेड भिंगातूनच आत आला. पण तुमच्या चकाकीवर आपटून फिल्मभर उधळला. कॅमेरा आतून खरखरीत हवा, काळाकुट्ट हवा."

"म्हणजे घोटलेले खरवडायचे?"

"तुमची मर्जी. लेक कधी निघते?"

"परवा."

घरी येऊन सुतार पेटी मांडीवर घेऊन बसला. कानस हाती घेई आणि खाली ठेवी. असे काम उभ्या जन्मात पुन्हा साधेल की नाही, कोण जाणे. वडील असते तर काय म्हणाले असते?

सुतारणीने सारे ऐकले. ती म्हणाली, "मामंजींच्या पेट्यांत लुगडी ठेवायची होती. तुमच्या पेटीत मला ठेवायचंय. लुगड्याला चकाकी मानवते, मला नाही मानवत. तिपाईपुढचा फोटो पाहिलात ना?"

सुतार खुदकन हसला. मग त्याने कानस उचलली आणि जितक्या निगुतीने घोटले होते, तितक्याच निगुतीने आतली चकाकी उतरवली.

"काजळी आहे का गं घरात?"

"इतकी वर्षं भांड्यांची काजळी काढतेय," सुतारीण म्हणाली, "मागणारा आज पहिल्यांदा भेटला!"

तिने तव्याची, पातेल्यांची काजळी खरवडून दिली. सुताराने ती लाकूड चिकटवायच्या सरसात कालवून पेटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात माखली. सकाळी पेटी वाळल्यावर त्याने दुसरा रोल भरला आणि मूठ धरून तो बायकोमागे हिंडू लागला. चूल, विहीर, गोठा झाला. अखेर तिने वळून म्हटले, "पुरे हो, वासरासारखे काय मागे मागे येता!" आणि हसली. त्याच क्षणी झडप वाजली.

रोल धुऊन आला, तेव्हा ते चित्र लेकीने निघताना पाहिले. आईचे हसू त्यात होते, आणि नाकावर काजळीचा ठिपकाही. लेक पदराने तो ठिपका पुसू लागली, जणू चित्रातून तो निघणारच होता.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम करायचे त्याला काय मानवते, हे ज्याने ओळखले, त्याचीच मेहनत सार्थकी लागते.

ही कथा सांगताना पुष्कळजण म्हणतात, की सुतारणीने चिडून पेटीला काजळी फासली. ते चूक आहे. काजळी तिने दिली. माखली सुताराने, स्वतःच्या हाताने.